नऊ वाजता

शनिवारी रात्री विमानातून उतरते आमची गाय.
शिशाच्या पिंपात बसलेली, दिसायला लहान,
उचलायला दोन माणसं.
तिला चारा नको. कागद लागतात चार प्रतींत
आणि सही करणारा जागेवर लागतो.

या खेपेला तो तिमकातच्या सणाला गावी गेलेला.
बोले विमानतळाच्या गोदामात
पिवळ्या तिकोनी खुणेपासून बारा पावलं दूर
खुर्ची ओढून बसलेला पहारेकरी म्हणाला,
बाई, बॉम्ब आहे का आत?
म्हटलं, दूध आहे. नासतंय.

मंगळवारी दुपारी सुटली.
तोवर निम्मी आटलेली.

बुधवारी सकाळी मी धार काढली.
धारच म्हणतो आम्ही;
पाण्यासारखी, बिनवासाची, डोळ्यांना न दिसणारी.
हिचं अर्धायुष्य सहा तास, म्हणजे दोन प्रहर.
दोन प्रहरांत निम्मी, पुढच्या दोनांत निम्म्याची निम्मी.
ती वीज यायची वाट बघत नाही,
लिफ्टची नाही, मंत्र्यांच्या पाहणीचीही नाही.

आम्ही पाच जण शिकून आलो होतो.
हाइलू ऑस्लोत आहे, त्सेगेरेदा दोहाला,
मेकुरियाला औषध कंपनीनं गाडी दिली,
चौथ्याचं नाव काढलं की डॉक्टर वोर्कु खोकतात.
त्यांना स्वतःला निवृत्त होऊ देत नाहीत.
कॅमेऱ्याचं एक डोकं गेल्या पावसाळ्यापासून बंद;
दुरुस्तीवाला नैरोबीहून येणार, येणार आहे.
माझ्या कोटावरचा बिल्ला दर तिमाहीला परदेशी जातो
किरणं मोजून घ्यायला.
फेब्रुवारीत अंगावर पडलेलं मला जूनमध्ये कळतं.
माझ्यापेक्षा माझा बिल्ला जास्त हिंडलाय.

शेजारची अल्माझ तिचं तान्हं माझ्याकडे देत नाही.
बरोबरच आहे तिचं. म्हणजे बरोबर नाही,
पण समजावायला एक अख्खा रविवार लागेल.

तर बुधवारी अकरा जण झाले, सुई एक उरली:
गेलाने, बय बालेच्या डोंगरातली,
गळ्याला गाठ, आंब्याएवढी.
यादीत तिची वेळ नऊ.
नऊ वाजले. दहा. साडेअकरा.
शिशाच्या डबीत तिच्या नावाची सुई
आपली आपण रिकामी होत राहिली, काठोकाठ भरलेली.

आली ती उन्हं कलल्यावर.
चिठ्ठी पुढे केली. कॉम्प्युटरनं छापलेलं: ९.
आणि तिचे नऊच वाजले होते!
आमच्याकडे दिवस उगवतीपासून मोजतात,
सूर्य वर आला की एक.
कॉम्प्युटरला हे कुणी सांगितलं नव्हतं.
त्याच्या नऊ आणि तिच्या नऊमध्ये सहा तास.
नेमके सहा.
मी हसले, ती घाबरली.

परत पाठवू? दोन दिवसांची बस.
पुन्हा धार काढावी, तर गाय थकलेली.
डॉक्टर वोर्कु चष्मा पुसत म्हणाले,
निम्मं आहे ना? मग दुप्पट वेळ ठेव.

एवढंच तर येतं आम्हाला.

आडवं झोपवलं. मान मागे, खांद्याखाली घडी घातलेलं ब्लँकेट.
गिळू नकोस, बोलू नकोस,
दहा मिनिटांऐवजी वीस.
ती तशी पडून राहिली
जशी डोंगरातली बाई ओझं उतरेपर्यंत उभी राहते.
पडद्यावर एकेक ठिपका येऊ लागला,
आधी नुसती धूळ,
मग धुळीला कड,
मग फुलपाखराचा एक पंख, आणि दुसऱ्या पंखात
जिथं काही उजळलंच नाही अशी जागा.
तिच्याबद्दल डॉक्टर बोलतील. ते माझं काम नाही.

मध्येच दिवे एकदा मिणमिणले.
मी कॅमेऱ्यावर हात ठेवला,
जसा जनावरावर ठेवतात.

झालं, उठ, म्हटलं.
तिनं आधी आवंढा गिळला, मोठा,
मग गळ्याभोवती नेतेला गुंडाळत विचारलं,
किती वाजले, बाई? बस चुकेल.
भिंतीवर चार वाजले होते.
मी म्हटलं, दहा.